शास्त्रीबुवांच्या पोथीत नसलेलं घर

फार पूर्वी, काडेपेटी जगात यायच्या कितीतरी आधी, डोंगराच्या पायथ्याशी तटबंदीचं एक गाव होतं आणि त्या गावात एक शास्त्रीबुवा राहत होते. गाव एवढंसं, पण त्याला स्वतःचा राजा होता, वेशीला मोठा दरवाजा होता आणि दरवाज्याला हातभर लांब किल्ली होती. तेवढ्या भांडवलावर ते स्वतःला राज्य म्हणवून घेई.

त्या गावाची एक रीत होती. ती आठवली की आजही जीव हळवा होतो. सकाळी ज्याच्या चुलीत आदल्या दिवसाचा विस्तव जिवंत राहिलेला असे, त्याच्या दारी बाकीचे खापरी घेऊन जात. ‘वहिनी, विस्तव आहे का?’ या हाकेनेच गावाचा दिवस उजाडे. निखारा घेता घेता कुणाची गाय व्यायली, कुणाची लेक माहेरी आली, कुणाच्या पोटात दुखतंय, हे सगळं कळून जाई. विस्तवाला विटाळ नसतो असं तिथले लोक मानत. त्यामुळे माळणीच्या घरचा निखारा ब्राह्मणाच्या चुलीत आणि तांबटाच्या भट्टीतला सोनाराच्या शेगडीत खुशाल जाई. ते लोक फार शहाणे होते असं नव्हे, पण रोज एकमेकांच्या दारात उभं राहावं लागल्यामुळे त्यांना फार दिवस अबोला धरता येत नसे.

शास्त्रीबुवा विद्वान होते, स्वभावाने मऊ होते. त्यांना धाक होता तो एकाच गोष्टीचा, अराजकाचा. त्यालाही कारण होतं. ते लहान असताना त्यांच्या जन्मगावचा राजा वारला, गादीवरून दोन भाऊ भांडू लागले आणि त्या धामधुमीत लुटारूंनी गाव जाळलं. वडील त्यातच गेले. आईचा पदर धरून शास्त्रीबुवा अनवाणी पळाले. त्या दिवसाचा धूर काही त्यांच्या मनातून गेला नाही. मोठेपणी त्यांनी ओव्यांची एक जाडजूड पोथी रचली आणि तिच्यात राजा नसला की काय काय होतं ते सगळं लिहिलं. रोज संध्याकाळी देवळात ते ती वाचत.

राजाविण लोक कैसे । दाव्याविण गुरें जैसें ।
कोण कोणा तुडवी कैसें । कळेचिना ॥

लोक मांडी घालून ऐकत. मुलं भुताची गोष्ट ऐकतात ना, तशी. घाबरायचं आणि मग घरी जाऊन निवांत झोपायचं. राजा जिवंत होता, त्यामुळे भीतीतही एक मजा होती.

राजाही कधीमधी ऐकायला येई. एकदा त्याने विचारलं, “शास्त्रीबुवा, मी गेलो की हे लोक एकमेकांचे गळे धरतील असं खरंच वाटतं तुम्हाला?”

“शास्त्र तसं सांगतं, महाराज.”

राजा हसला. “मी रोज दुपारी जेवून चार घटका घोरत पडतो. तेवढ्यात कुणी कुणाचा गळा धरल्याचं ऐकलं नाही बुवा.” शास्त्रीबुवांना ही थट्टा आवडली नाही. ते पान उलटून पुढे वाचू लागले.

पुढे म्हातारपणाने राजा गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. गाव रडलं, दिवस पार पडले, आणि शास्त्रीबुवा आता काय होतं याची वाट पाहू लागले.

काहीच झालं नाही. बाजार भरला. पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना गेलं. दोन भावांचं बांधावरून वाजलं, ते चार म्हाताऱ्यांनी बसून मिटवलं. सकाळी खापऱ्या या दारातून त्या दारात हिंडतच होत्या. खरं तर शास्त्रीबुवांना हायसं वाटायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्याच्याविषयी लिहिलं ते येईना, तेव्हा त्यांना कुठेतरी आपला अपमान झाल्यासारखं वाटू लागलं. संकट दबा धरून बसलंय आणि हे भोळे लोक बेसावध आहेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग त्यांनी पोथीतला सर्वांत भयंकर अध्याय काढला आणि तो रोज वाचायला घेतला.

अराजकीं जो कडी काढी । तो आपुलेंच घर मोडी ।
शेजाऱ्याची धरितां गोडी । प्राण जाय ॥

आता मात्र लोक घरी जाऊन निवांत झोपेनात. आधी सोनाराने दाराला दुसरी कडी लावली. सोनाराने लावली म्हणजे त्याला काहीतरी कळलं असेल, म्हणून वाण्याने लावली. वाण्याचं पाहून सगळ्या आळीने लावली. विस्तव मागायला येणारा घरात काय काय आहे ते पाहून जातो, असं कुणीतरी म्हणालं, आणि पंधरा दिवसांत खापऱ्या हिंडायच्या थांबल्या. जो तो आपली चूल अहोरात्र पेटती ठेवू लागला. त्याला लाकूड दुप्पट लागू लागलं. रानात लाकडांवरून कुऱ्हाडी उगारल्या गेल्या आणि एकाचं डोकं फुटलं. तो रक्ताने माखलेला माणूस वेशीतून आणला गेला तेव्हा शास्त्रीबुवा सगळ्यांना म्हणाले, “मी सांगत होतो.” त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि थोडं समाधानही होतं. त्यांना जाणवलं ते फक्त दुःख.

ही बातमी सपाट मुलखातल्या एका सरदाराच्या कानावर गेली. तो शे-सव्वाशे घोडेस्वार घेऊन आला आणि वेशीबाहेर तंबू ठोकून बसला. त्याचा निरोप मोठा गोड होता. तुमच्यात अराजक माजलंय असं ऐकलं, मी तुमचा राजा व्हायला तयार आहे. दरवाज्याची किल्ली माझ्या हातात द्या, पिकाचा निम्मा वाटा द्या आणि घरटी एक तरणा मुलगा माझ्या फौजेत द्या. मग कुणाची मजाल नाही तुमच्या केसाला धक्का लावायची.

एरवी असा निरोप घेऊन येणाऱ्याला गावाने धोंडे मारून हाकललं असतं. तट उंच होता, धान्य भरपूर होतं. पण लोकांना सरदारापेक्षा शेजाऱ्याचीच भीती जास्त वाटू लागली होती. ते कबूल झाले. येत्या पौर्णिमेला शास्त्रीबुवांनी वेशीवरच्या बुरुजातून पोथी वाचावी आणि मग दरवाजा उघडून किल्ली द्यावी असं ठरलं. पोथीवर सरदार भलताच खूश होता. त्याने शास्त्रीबुवांना शाल पाठवली. घराघरांतून आया आपल्या मुलांची गाठोडी बांधू लागल्या. तांबटाला तर एकुलता एक मुलगा होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पावसाची झड लागली होती. शास्त्रीबुवांची बायको हिवतापाने फणफणली होती. तिच्याकडून चुलीकडे पाहणं झालं नाही आणि शास्त्रीबुवांना ते काम माहीत नव्हतं. सकाळी पाहतात तो चूल थंडगार. चकमक काढली, पण कापूस भिजून गेलेला. बायको थंडीने कुडकुडत होती. तिला गरम पेज द्यायची तर विस्तव हवा.

शास्त्रीबुवा खापरी घेऊन डोक्यावर घोंगडी पांघरून बाहेर पडले. तांबटाच्या दारापाशी उभं राहून त्यांनी हाक मारली. आत भट्टीचा भाता चाललेला ऐकू येत होता, तो थांबला.

“बुवा, कडी नाही काढायची मी,” तांबट आतून म्हणाला. “तुमचीच ओवी आहे.”

“अरे, मी आहे. घरात आजारी माणूस आहे.”

“पोथीत माणूस कोण आहे ते पाहून कडी काढा असं कुठे लिहिलंय?” त्याचा आवाज उर्मट नव्हता. तो खरोखरच घाबरलेला होता. थोड्या वेळाने भाता पुन्हा सुरू झाला.

सोनाराने ओ दिली नाही. वाण्याने आतून ओवी अर्धी म्हणून दाखवली आणि पुढची आठवेना म्हणून गप्प बसला. दुसरा एखादा दिवस असता तर आपली ओवी घरोघरी पाठ झालेली पाहून शास्त्रीबुवा हरखले असते. ते तसेच भिजत आळीच्या टोकाला गेले. तिथे येसू माळणीचं घर होतं. तिला हाक मारायचाही त्यांना धीर होईना. त्यांनी दारावर नुसती थाप मारली.

दार बोटभर उघडलं. मागे येसूचा नवरा कोयता घेऊन उभा होता. येसूने खापरी घेतली, आत गेली आणि निखारे राखेत नीट झाकून घेऊन आली.

“बुवा, बाईंना आल्याचा काढापण द्या,” ती पुटपुटली. “आन् मी दार उघडलं हे कुणाला सांगू नका. आमच्याकडं बोट दाखवतील लोक.”

दार लागलं. शास्त्रीबुवा पावसात उभे राहिले. चोरी लपवणारी माणसं त्यांनी पाहिली होती, पण दिलेलं लपवणारं माणूस आज पहिल्यांदाच पाहिलं. आणि हे त्यांच्या पोथीने केलं होतं, लुटारूंनी नव्हे.

घरी येऊन त्यांनी चूल पेटवली, बायकोला पेज पाजली आणि जाळापाशी बसून राहिले. कितीतरी वर्षांत न आठवलेलं एक घर त्यांना आठवलं. ते आठवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. बंद दरवाज्यामागे सारं गाव जमलं होतं, मुलं गाठोडी घेऊन उभी होती. बाहेर सरदार घोड्यावर बसला होता. शास्त्रीबुवा बुरुजावर चढले, त्यांनी पोथीचं बासन सोडलं, पहिलं पान काढलं आणि पुन्हा झाकून ठेवलं. सरदाराने खालून घाई केली, तसे ते बोलू लागले.

“या पोथीत खोटं काही नाही. माझं गाव जळताना मी पाहिलंय. पण ती अर्धीच आहे. गाव जळल्यावर आई आणि मी पळालो ते एका अनोळखी गावात पोचलो. तिथेही धामधूमच होती, राजा कोण होता ते मला आजही ठाऊक नाही. एका कुंभाराने दार उघडलं. चार महिने त्याने आम्हाला सांभाळलं. त्याच्या बायकोने स्वतःच्या चुलीवर रांधून मला भरवलं, आणि मी खाल्लं. ब्राह्मणाच्या मुलाने कुंभाराघरचं खाल्लं, हे पोथीत कसं लिहायचं म्हणून मी ते घरच गाळलं. गाव जाळणाऱ्यांविषयी लिहायची मला लाज वाटली नाही, जगवणाऱ्यांविषयी लिहायची वाटली. काल मला या गावात एका घराने विस्तव दिला आणि सांगू नका म्हणून विनवलं. मी नाव सांगणार नाही. पण आपल्या मुलांना कुणाच्या भीतीने पाठवताय, ते एकदा नीट पाहा.”

मग गर्दीतून येसू माळीण पुढे आली. “माझं घर होतं,” ती म्हणाली.

तांबटाने खाली मान घातली. “माझी भट्टी पेटलेली होती,” तो म्हणाला, “आणि मी दिला नाही.” त्याने मुलाच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. ते पाहून दुसऱ्याने काढून घेतलं, मग तिसऱ्याने. कड्या जशा लागत गेल्या होत्या, तशीच गाठोडी सुटत गेली.

बाहेरून सरदार ओरडला, “उद्या एकमेकांची डोकी फोडाल तेव्हा माझ्याकडे येऊ नका.”

तांबट बुरुजावर चढला. “फोडली तर आम्हीच बांधू,” तो म्हणाला. “तुम्हाला दिलेला पोरगा मात्र परत यायचा नाही.”

सरदार काही दिवस तळ देऊन राहिला. पण तट उंच होता आणि आत आता प्रत्येक बुरुजावर माणसं होती. घोड्यांचा चारा संपला तसा तो निघून गेला. गावाने पुढे पाच जणांची पंचायत नेमली. भांडणं झालीच, एकदा मोठी चोरीही झाली. कुंभाराघरचं खाल्लं म्हणून शास्त्रीबुवांना त्यांच्या जातभाईंनी वर्षभर पंगतीला घेतलं नाही. ते त्यांना लागलं, पण ते कुरकुरले नाहीत.

त्या दिवशी बुरुजावरून ते घरी आले तेव्हा बायकोचा ताप उतरला होता. तिने विचारलं, “वाचन झालं का?”

“पोथी नाही वाचली. त्या कुंभाराच्या घराचं सांगितलं.”

तिने आजवर या घराविषयी कधी ऐकलं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “अहो, त्या माउलीचं नाव काय होतं?”

शास्त्रीबुवा आठवू लागले. लुटारूंच्या घोड्यांचे रंग त्यांना आठवले. म्होरक्याच्या गालावरचा व्रण आठवला, तो कुठल्या हातात मशाल धरून होता तेही आठवलं. जिने चार महिने घास भरवला तिचं नाव काही केल्या आठवेना. इतका विद्वान माणूस, पण त्या संध्याकाळी तो बायकोसमोर लहान मुलासारखा रडला.

म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: वाईट दिवसांची आठवण सांगताना त्या दिवसांत कुणी दार उघडलं तेही सांगावं, कारण ज्या गावाला फक्त शेजाऱ्याची भीती शिकवली जाते, ते गाव आपली किल्ली स्वतःहून परक्याच्या हातात नेऊन देतं.