धावा

"मग लोकांच्या लक्षात राहतं तरी काय, बाबा?"

मकरंद तांदळे विचारत होता. मठाच्या ओट्यावर, सोमवारगिरी महाराजांच्या समोर बसून.

महाराज शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं ते सांग आधी."

मकरंद पुण्यात व्यवस्थापन शिकून आला होता. डोंगरपट्ट्यातल्या या गावांना दवाखाना लांब, म्हणून त्यानं रुग्णवाहिकेचा धंदा काढला होता. गाड्या नव्या, आत ऑक्सिजन. बाहेर कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव आणि त्याखाली फोन नंबर. तोच नंबर वेशीवेशीला, एसटीच्या थांब्यांवर, शाळांच्या भिंतींवर.

तरी फोन फार येत नसत.

त्याचं त्याला वाईट वाटत होतं, पण तेवढ्यासाठी तो मठात आला नव्हता.

"अयोध्याताई केकाण म्हणून आहेत, बाबा. अंगणवाडी चालवतात. त्यांचे मालक भागवतराव शेतात पडले. लकवा मारला. फोन हातात होता... नवऱ्याचा, जुना, बटणांचा. माझा नंबर त्या रोज बघायच्या. अंगणवाडीच्या समोरच्या भिंतीवर आहे."

"मग?"

"आठवला नाही."

महाराजांचे हात थांबले.

"माझी गाडी फाट्यावर रिकामी उभी होती, बाबा. ड्रायव्हर चहा पीत होता. आणि ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेले. वाचले. पण उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं."

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मी भेटायला गेलो. वाटलं, शिव्या देतील. नाही दिल्या. म्हणाल्या, सुरुवातीचे आकडे आठवले. पुढं आठ की तीन... तिथंच अडकले."

"हं."

"यापेक्षा मोठ्या अक्षरांत कसं लिहायचं? शिकलेली बाई आहे. रोज बघते."

महाराजांनी हात झटकले.

"तुझ्या बायकोचा नंबर सांग."

मकरंदनं खिशातून फोन काढला. महाराजांनी त्यावर पंजा ठेवला.

"न बघता."

मकरंदनं डोळे मिटले. ओठ हलले. पहिले दोन आकडे आले, मग पुन्हा तेच दोन आले...

"लग्नाला किती वर्षं झाली?"

मकरंद ओशाळला.

"बरं, राहू दे. घरात तिला काय म्हणतोस?"

"मंजू."

"हे कुठं लिहून ठेवलंस?"

"ते लिहून कशाला ठेवायला..."

तो बोलता बोलता थांबला. महाराज पुन्हा शेंगा सोलायला लागले होते.

मकरंद तसा हुशार. त्यानं फोन उघडला आणि आकड्यांच्या बटणांकडे बघत बसला. प्रत्येक आकड्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं. गावात जुन्या फोनवर लोक त्याच अक्षरांतून मराठी निरोप लिहायचे. अयोध्याताईसुद्धा लिहीत असणार.

"बाबा, नंबराचा शब्द करता येईल. शब्दाच्या अक्षरांची बटणं एकेकदा दाबायची, आकडे आपोआप दाबले जातात. आकडे सगळे सारखेच दिसतात हो, एक इकडं तिकडं झाला तरी कळत नाही. शब्दाचं तसं नाही. शब्द चुकला की जिभेलाच कळतं."

"कर की."

"तांदळे. आमचं आडनाव. पट्ट्यात सगळे ओळखतात. शिवाय नावही होईल."

महाराज हसले नाहीत.

"भागवत पडला तेव्हा अयोध्येनं कुणाचं नाव घेतलं?"

"...माहीत नाही."

"विचारून ये."

"आत्ता?"

महाराजांनी पुढची शेंग उचलली. मकरंद उठला.

केकाणांच्या अंगणात भागवतराव खाटेवर बसले होते. डाव्या हातानं रबरी चेंडू दाबत होते, मग तोच चेंडू उजव्या मुठीत ठेवून बोटं मिटायची खटपट करत होते. अयोध्याताई चुलीवर भाकरी करत होत्या. मकरंदनं प्रश्न विचारला तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ताईंनी भाकरी उलटली.

"नाव कुणाचं घेणार, भाऊ? शेतात कोण होतं? धावा म्हणाले मी. धावा, धावा... एवढंच. जो ऐकील त्यानं यावं."

"आणि कोण आलं?"

"पलीकडच्या रानातला ट्रॅक्टरवाला. त्याला मी ओळखतसुद्धा नव्हते."

मकरंद बराच वेळ खाटेच्या कडेला बसून राहिला. भागवतरावांच्या हातून चेंडू सुटला. त्यानं तो उचलून परत दिला.

नंतर तो फोन कंपनीच्या ऑफिसात खेटे घालत राहिला. हवा तो नंबर सहज मिळत नाही. अखेर मिळाला. आधी एकच आकडा ओळीनं, जो कुणीही विसरणार नाही. आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत जुळणारा एकच शब्द : धावा.

गाड्यांवरचं लांबलचक नाव त्यानं पुसून टाकलं. आडनावही काढलं. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात तेवढा शब्द राहिला, आणि खाली कोणती बटणं दाबायची ते. रंगारी म्हणाला, "मालक, तुमचं नाव कुठं लिहू?"

"नको लिहूस."

पहिल्यांदा तो शब्द अयोध्याताईंनी अंगणवाडीत येणाऱ्या बायांना सांगितला. बायांनी घरी सांगितला. पुढं कुणी कुणाला सांगितला, ते मकरंदला कधी कळलं नाही. बाजारात, लग्नात, पाणी भरताना एकजण विचारायचा, "दवाखान्याच्या गाडीचा नंबर आहे का रे तुझ्याकडं?" आणि दुसरा खिशात हात न घालता सांगायचा. कागद लागत नव्हता, पेन लागत नव्हतं. ज्याला नीट वाचता येत नव्हतं तो शेजारच्याला म्हणायचा, "तेवढं धावा लाव."

फोन वाढले. गाड्या कमी पडायला लागल्या, त्यानं आणखी घेतल्या. शेजारच्या तालुक्यातूनही लोक बोलवायला लागले. साप चावलेले, अडलेल्या बाळंतिणी, रस्त्यावर पडलेले. त्यातले बरेचजण वेळेवर पोचले.

भिंतींवरच्या जाहिराती पावसापाण्यानं पुसट झाल्या. त्यानं त्या पुन्हा रंगवल्या नाहीत.

पुढच्या श्रावणात मठात उत्सव होता. संध्याकाळच्या आरतीचा मान त्या वर्षी मकरंदला मिळाला. झब्बा घालून, मंजूला घेऊन आला. अयोध्याताई आणि भागवतरावही आले होते. गर्दीतली माणसं मकरंदकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगत होती, हाच तो, धावावाला.

आरतीच्या आधी तो महाराजांच्या पायाशी बसला.

"बाबा, पुण्यात जे दोन वर्षं शिकलो ते तुम्ही शेंगा सोलता सोलता शिकवलंत."

"मी काय शिकवलं?"

"शब्द लोकांच्या तोंडी बसला. आता आमच्याशिवाय दुसरा नंबर कुणाला आठवतच नाही. मोबाइलमध्ये साठवतसुद्धा नाहीत."

"दुसरा आठवत नाही?"

"नाही बाबा. पूर्वी आजाऱ्यांना नेणारे ते जीपवाले होते ना, त्यांनी तर धंदाच बंद केला."

महाराज त्याच्याकडे बघत राहिले. मकरंदला वाटलं, बाबा खूश झाले.

आरती सुरू झाली. ताट मकरंदच्या हातात, महाराज स्वतः घंटा वाजवत होते. गाभारा लहान, माणसं दारापर्यंत दाटलेली. टाळ्यांचा ठेका धरला गेला होता.

झब्ब्याच्या खिशात फोन थरथरला.

मकरंदनं लक्ष दिलं नाही. फोन बंद झाला आणि पुन्हा थरथरायला लागला. डाव्या हातानं खिशातूनच त्यानं बटण दाबून फोन कापला. मंजूनं वळून पाहिलं.

"ऑफिसात घेतील," तो पुटपुटला.

"ऑफिसातल्या पोरी इथंच आहेत," ती हळूच म्हणाली. "दर्शनाला आल्यात. तिथं कुणी उचललं नाही की तुमच्याकडं येतो ना फोन?"

मकरंदनं दाराकडे पाहिलं. पोरी खरंच तिथं होत्या, हात जोडून.

फोन तिसऱ्यांदा थरथरला.

घंटा थांबली.

मागच्यांना आधी कळलं नाही. एक कडवं तसंच पुढं गेलं, मग टाळ्या एकेक करून गळाल्या. गाभाऱ्यात नुसता कापराचा वास आणि ती खिशातली बारीक घुरघुर...

अयोध्याताई खाली बघत होत्या. भागवतरावांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरला होता.

महाराजांनी पुढं होऊन मकरंदच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं.

"बाबा," मकरंद कसाबसा म्हणाला, "आरती अर्धी राहील..."

"उचल," महाराज म्हणाले. "देवाला घाई नाही."