बुरुडाने जाळलेली डालगी

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकते आणि मोठे शब्द मला सुचत नाहीत. चुकले असेल ते वाचणाऱ्यांनी सुधारून घ्यावे. कथा मात्र मनापासून लिहिली आहे.

फार पूर्वी वाराणसीवर ब्रह्मदत्त राजाची सत्ता होती. त्या जन्मी बोधिसत्त्व नगरापासून दोन कोसांवरच्या वेळूगावात एका बुरुडाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव वेणुक. तो सुपे आणि टोपल्या विणी. कोंबड्या झाकायची डालगी तर त्याच्यासारखी कोणालाच जमत नसत. गावात घरटी दहा-बारा कोंबड्या होत्या, त्यामुळे त्याच्या हाताला नेहमी काम असे.

एका वर्षी कोंबड्यांत मानमोडी आली. कोंबडी हिरवट शिटू लागे, तिची मान वाकडी होई आणि दोन-तीन दिवसांत ती मरे. अशा वेळी गावाची एक रीत होती. सर्वांत आजारी कोंबडीला हळदकुंकू लावायचे, ढोल वाजवत ओढ्यापर्यंत न्यायचे आणि पलीकडे साळगावच्या शिवेत सोडून द्यायचे. रोग तिच्याबरोबर गेला असे मानून लोक घरी परतत.

वेणुक टोपल्या घेऊन दोन्ही गावांत फिरे. साळगावचे लोकही हेच करतात आणि त्यांची कोंबडी इकडे सोडतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून ढोल निघाला तेव्हा तो गावमुख्य उग्गापुढे हात जोडून उभा राहिला.

"मुख्य, आपण रोग त्यांना देतो आणि ते तो आपल्याला परत करतात. या वेळी कोंबडी सोडू नका. एकवीस दिवस प्रत्येकाने आपल्या कोंबड्या कोंडून ठेवाव्यात. आजारी असेल ती वेगळ्या डालग्याखाली ठेवावी आणि मेलेली खोल पुरावी. साळगावच्या लोकांशी मी बोलतो."

"बुरुडा, डालगी खपवायची बरी युक्ती काढलीस," मागून एकजण म्हणाला. सगळे हसले.

"डालगी मी फुकट देईन."

"आणि रोग हटला नाही तर?" उग्गाने विचारले.

"तर कोंबडीऐवजी मला शिवेबाहेर काढा. मी पुन्हा गावात पाऊल ठेवणार नाही."

हसणे थांबले. उग्गाने ढोल खाली ठेवायला सांगितले.

वेणुकाने ओढ्यात उभे राहून साळगावच्या लोकांनाही तेच सांगितले. त्यांच्याही कोंबड्या मरत होत्या, म्हणून त्यांनी ऐकले. मग तो दिवसभर विणू लागला. बांबू कमी पडला, तेव्हा ज्या घरची आजारी कोंबडी मेली तिथले डालगे तो उचली, ओढ्यात विसळी आणि दुसऱ्या घरी देई.

नवव्या दिवशी खेमाच्या दोन कोंबड्यांच्या माना वाकल्या. खेमा ही गावाच्या टोकाला राहणारी विधवा. तोवर तिच्या घरी रोग शिरला नव्हता. लोक चिंचेखाली जमले.

उग्गा म्हणाला, "खेमा, तू कोंबड्या चोरून मोकळ्या सोडल्यास. आता तुझीच कोंबडी ओढ्यापार जाईल."

"माझ्या दाराची कडी बघा येऊन," खेमा म्हणाली. "नऊ दिवसांत दार एकदाच उघडले, तेही वेणुकभाऊंसाठी. अंड्यांवर बसलेल्या माझ्या खुडूक कोंबडीला त्यांनी डालगे आणून दिले."

या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. वेणुकाला मात्र ते डालगे आठवले. ते चार दिवसांपूर्वी एका मेलेल्या कोंबडीवरून उचललेले होते. बांबूच्या सांध्यांत अडकलेली घाण नुसत्या विसळण्याने गेली नव्हती. तो गप्प राहिला असता तर कोणाला काही कळले नसते. दोष खेमाला लागला असता आणि त्याचे गाव सुटले नसते.

तो पुढे आला. "मुख्य, खेमाच्या घरी रोग मी नेला. माझ्या डालग्यातून गेला. तिची काही चूक नाही."

"मग शब्द तुझाच होता, वेणुका."

"होय. पण बारा दिवस उरले आहेत. तेवढे संपू द्या, मग मी जाईन."

 तेव्हा खेमा म्हणाली, "कोंबड्या माझ्या मरताहेत, तर मला बोलू द्या. जो माणूस स्वतःची चूक चारचौघांत सांगतो, त्याचे बाकीचे सांगणेही खरे असणार. द्या त्याला दिवस." उग्गाने ते मान्य केले.

त्याच दुपारी वेणुकाने घरोघरची वापरलेली डालगी मागून घेतली आणि ओढ्याकाठी जाळली. लांबच्या रानातून नवा बांबू तोडून जी डालगी विणली, त्यांवर घरांची खूण बांधली. या घरचे डालगे त्या घरी जाईना. वेणुकही कोणाच्या अंगणात जाईना. दाराबाहेरूनच हाक मारून, आधी चांगल्या कोंबड्यांचे दाणापाणी करा, मग आजाऱ्यांचे, मग राखेने हातपाय धुवा, असे सांगे. आणखी पाच कोंबड्या मेल्या. तेराव्या दिवसानंतर एकही आजारी पडली नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी खेमाच्या अंगणात तांबडा कोंबडा आरवला आणि सगळ्या गावातल्या कोंबड्यांनी त्याला साथ दिली. उग्गाने स्वतः ढोल गळ्यात अडकवला. लोक ओढ्यापर्यंत वाजवत गेले, पण कोणाच्याही हातात कोंबडी नव्हती. थोड्या वेळाने पलीकडून साळगावचा ढोल वाजू लागला. त्यांचेही हात मोकळे होते. मग दोन्ही गावांनी वेणुकाला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला आणि परत आणला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हा मागून टोमणा मारणारा म्हणजे तुमच्यातला तो, जो मागे बसून सर्वांआधी हसतो. खेमा म्हणजे विहारातल्या आजाऱ्यांची सेवा करणारी थेरी, ती ज्येष्ठ भिक्षुणी. आणि बुरूड मीच होतो." यात बोधिसत्त्वाने सत्य पारमी, म्हणजे खरे बोलण्याची साधना, पूर्ण केली.

हे लिहून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या भागाकाकूंच्या दाराबाहेर उभा राहिलो.  मी सांगितले, "काकू, परवा दिलेले डालगे आमच्या आजारी कोंबडीवरचे होते. मी नुसते विसळले होते."  काकू म्हणाल्या, "काडेपेटी आहे का तुझ्याकडे? माझ्याकडची संपलीये." मी घरून काडेपेटी आणली आणि आम्ही ते डालगे परसात जाळले.