मैनेचा भोपळा

मोहटोल्याच्या तळ्याला कुंपण नाही, आणि गावात एकही घर असं नाही, की ज्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढलेला नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, की म्हातारे महागू मेश्राम त्यांना काठावर बसवून घेतात आणि दुर्पताची गोष्ट सांगतात.

दुर्पता धिवरीण, तळ्यात मासे धरणारी. पोहण्यात तिची बरोबरी करणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं म्हणे. तिची एकुलती एक मुलगी मैना, सहा वर्षांची. "मलाही पोहायला शिकव," म्हणून ती आईच्या मागं लागायची. "पुढल्या साली," असं दुर्पता म्हणायची. त्याच आश्विनात मैना शिंगाडे तोडायला वाकली आणि बुडाली.

गावानं तळ्याभोवती बोरीचे काटे रचले. दुर्पता घराबाहेर येईना. शेजारणींनी आणलेला भात तसाच राही. चैत्रात एके सकाळी मात्र ती कोयता घेऊन निघाली आणि काटे तोडू लागली. पाटील धावत आले.

"तुझ्यापायीच तर घातलं हे कुंपण. काहून तोडतेस?"

"पोट्टे काट्यांतूनही वाट काढतील, पाटील. त्यांना पोहायला शिकवू द्या मला. उद्या तुमच्या नातीला पाठवा."

दुसऱ्या दिवशी नातीचा, सगुणीचा, हात धरून पाटील स्वतःच आले. दुर्पतानं तिच्या कमरेला दोन वाळके भोपळे बांधले. नाकातोंडात पाणी गेलं तशी सगुणी भोपळ्यांवरच रागावली, "नीट धरा ना मला." सहा महिन्यांत पहिल्यांदा दुर्पता हसली, आणि हसता हसता रडली. पण मुलीच्या पोटाखालचा हात तिनं काढला नाही.

अक्षय्य तृतीयेपर्यंत बावीस मुलं तळं पार करू लागली. त्या दिवशी दुर्पतानं एक भोपळा मैनेच्या नावानं पाण्यात सोडला. वाऱ्यानं तो मधोमध गेला. तेवढ्यात सगुणी झेपावली, मागून सगळी मुलं. ढकलत ढकलत त्यांनी तो काठाला लावला.

"काकी, मैनेला आणलं," सगुणी म्हणाली.

दुर्पतानं भोपळा मांडीवर घेतला आणि सगळ्यांना गूळ वाटला. पुढं ती चाळीस वर्षं शिकवत राहिली, असं सांगतात. मैनेची आठवण निघाली नाही असा तिचा एक दिवस गेला नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला तळ्यात मैनेचा भोपळा सोडतात आणि सात वर्षांची झालेली मुलं ओरडत त्याच्यामागं सुटतात. काठाला आणल्यावर पहिला गूळ त्याला, मग त्यांना. एवढं सांगून झालं, की महागूबुवा पाहुण्याला विचारतात, "तुम्हाला येते का पोहता?" नाही म्हटलं, तर आढ्याला टांगलेले वाळके भोपळे काढायला ते उठतातच.