अर्ध्या पळीचा दिवा

वाकळनाथ महाराज उंबरसोंड्यात आले तेव्हा अंगावरच्या वाकळेशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हते, आणि बारा वर्षांनी त्यांनी गाव सोडले तेव्हाही तीच वाकळ होती, फक्त ठिगळे वाढली होती. ओढ्याकाठच्या मारुतीच्या ओट्यावर त्यांचे आसन असे. उंबरसोंडे त्या काळी मोठे बाजारगाव. मंगळवारी पंचवीस खेड्यांची माणसे तिथे लोटत. अशा घेण्या-विकण्याच्या गावात, ज्याला काही घ्यायचे नाही आणि काही विकायचेही नाही, असा पुरुष कशाला येऊन बसला, हे कोडे पुष्कळांना पडे. आज जी कथा सांगतो आहे ती ऐकली की ते कोडे थोडेफार सुटेल.

ओट्यावर रोज पहाटे काकडआरतीला म्हाळू घडशी सनई वाजवी. बापाकडून आलेली सनई, चांदीच्या कड्यांची. लग्नसराईत त्याच्या सनईला दूरदूरचे बोलावणे येई, पण महाराजांपुढे वाजवल्याचा तो पैसाही घेत नसे. माणूस सालस, बायको तानूबाई कष्टाळू. दोष एवढाच, की कुणी काही विकायला पुढे केले तर म्हाळूच्या तोंडून नकार म्हणून निघत नसे.

आणि बाजारपेठेत होते रामलिंगशेटचे दुकान. भांडी, कंदील, घड्याळे, घाण्याचे तेल, काय हवे ते तिथे मिळे. पैसे नाहीत म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर तर शेटचे जास्तच प्रेम. "पैशाचं कोण बोलतंय? घेऊन जा, लग्नसराईत द्या," असे म्हणून तो वस्तू गिऱ्हाइकाच्या काखेत देई. म्हाळूने त्याच्याकडून भिंतीवरचे घड्याळ नेले. घरात ते कुणाला वाचता येत नव्हते, पण टोले छान पडत. मग समयांची जोडी नेली. हरिभाऊ कापडवाल्याकडून जरीचा फेटा आणि दोन लुगडी आली, राजूबाई कासारणीकडून बांगड्या. शेटचे व्याज थकले तेव्हा म्हाळूने हरिभाऊकडून रोख उचलली, हरिभाऊ बोलू लागला तेव्हा राजूबाईकडे हात पसरला. ह्याची टोपी त्याला आणि त्याची ह्याला! सगळ्यांना वायदा मात्र एकच, येत्या लग्नसराईचा.

आता म्हाळूची चूक ऐका. हसू आले तर खुशाल हसा, पुढे महाराजही हसले होते. आश्विनात गुरू सिंह राशीत गेला आणि सिंहस्थ लागला. म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष लग्ने बंद! ज्याच्या साऱ्या वायद्यांना लग्नांचाच आधार, त्याने एकदा तरी पंचांगवाल्याला विचारायला नको? पण मागला सिंहस्थ आला तेव्हा म्हाळू पोर होता, पोटाची काळजी बापाला होती. त्याच्या ते ध्यानातच नव्हते.

सिंहस्थाची बातमी पसरली आणि तिन्ही धनको दारात उभे राहिले. शेटचे सर्वांत जास्त येणे होते. त्याने सनईच मागितली. सनई गेली तर घडशाच्या हातात राहिले काय? मग कर्ज या जन्मी फिटणार नव्हते, आणि चूलही पेटणार नव्हती. म्हाळूने चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्याच संध्याकाळी शेट ओट्यावर येऊन चारचौघांत महाराजांना म्हणाला, "महाराज, तुमचा वाजंत्री बुडाला की. रोज फुकट वाजवून घेता, आता त्या वाकळेतून काही निघतंय का बघा."

लोक हसले. महाराजांनी वाकळेचे दोन्ही पदर झटकून दाखवले आणि तेही हसले. म्हाळूला मात्र ते हसणे फार लागले. आपल्यापायी महाराजांची टिंगल झाली, हे त्याला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी काकडा झाल्यावर तो उठलाच नाही. महाराजांनी विचारले तेव्हा रडत म्हणाला, "देवा, म्या गाव सोडतो. तानूच्या माहेराकडं जाऊन दडतो कुठं तरी."

"वायदे गावात ठेवून जाशील, की बरोबर नेशील?" महाराजांनी विचारले. म्हाळूने मान खाली घातली. तेव्हा महाराज म्हणाले, "अरे, जन्मभर मान खाली घालून हिंडण्यापेक्षा एक दिवस वर करून बस. मंगळवारी दिवा लाव."

हा दिवा म्हणजे काय, ते सांगायला हवे. उंबरसोंड्यात जुनी रीत होती. ज्याचे देणे हाताबाहेर गेले, त्याने उजाडल्यावर आपल्या उंबऱ्याशी घोंगडी उलटी अंथरायची आणि दिवा लावायचा. तेल द्यायचे सर्वांत मोठ्या धनकोने, एक पळी. दिवा जळतो आहे तोवर घरातल्या काडीला कुणी हात लावायचा नाही. धनकोंनी लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने, काय दिले, केव्हा, केवढ्याला, हे गावासमक्ष सांगायचे. दिव्यापुढे खोटे बोलायचे नाही. सगळे बोलून झाले तर पंचांनी हप्ते बांधून द्यायचे. पण आधीच दिवा विझला, तर बोलणे तिथेच थांबायचे आणि मोठ्या धनकोने घरात पहिला शिरायचे. या रीतीची लाज एवढी की लोक परागंदा होत, पण दिवा लावत नसत.

मंगळवारी म्हाळूने घोंगडी उलटी टाकली. तानूबाई डोळे पुसत दाराआड उभी राहिली. महाराज येऊन शेजारच्या दगडावर बसले. शेट तेल घेऊन आला, पण पणतीत ओतले ते निम्मेच.

"शेट, ही अर्धी पळी हाय," राजूबाई म्हणाली.

"तेल महागलंय," शेट म्हणाला. दिवा आपल्या पाळीपर्यंत टिकणार नाही, हा त्याचा हिशोब होता.

महाराज एवढेच म्हणाले, "अर्धी पुरेल."

राजूबाईने सुरुवात केली. आणि कासारीण ती, थोडक्यात बोलेल कशी? कोणत्या सणाला कोणत्या रंगाच्या बांगड्या भरल्या, त्यातल्या किती भरतानाच फुटल्या, त्या फुटक्यांचे पैसे तिने धरले नाहीत, मग मधेच तानूबाईच्या मनगटाचे कौतुक. असे करता करता तास गेला. हरिभाऊचा स्वभाव उलटा, तो एकेक आणा आठवून आठवून बोलला. ऊन उंबऱ्यावर आले. अर्ध्या पळीचा दिवा एव्हाना कधीच विझायला हवा होता, पण ज्योत होती तशीच होती.

शेटची पाळी आली. तो म्हणाला, "माझं बोलणं मागाहून." आणि दिव्याकडे डोळे लावून बसला. ओढ्याकडून वारा सुटला, गल्लीतला पाचोळा उडाला, ज्योत हललीसुद्धा नाही. शेट उकडते म्हणून उपरण्याने वारा घेऊ लागला, तो वारा नेमका पणतीकडे जाई. तरी दिवा तेवतच राहिला. तिकडे ऐन बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानाला कुलूप, आणि गिऱ्हाइके समोरच्या दुकानात शिरत असतील, हे त्याला इथे बसूनही कळत होते!

दुपार टळली. शेवटी न राहवून शेटने वाकून पणतीत पाहिले. सकाळी ओतलेले तेल तेवढेच होते. थेंबभरही कमी झाले नव्हते. ते तेल त्याने स्वतःच्या हाताने ओतले होते, आणि दिवसभर पणतीवरून नजर काढली नव्हती. तो घोंगडीवर खाली बसला आणि बोलू लागला, आणि त्या दिव्यापुढे त्याला खोटे बोलवेना.

"घड्याळ अकरा रुपयांचं. ह्याला अठराला लावलं. समया जुन्या, घासून नव्या म्हणून दिल्या." मग पणतीकडे पाहत म्हणाला, "आणि पंचांग माझ्या दुकानात टांगलेलं असतं. सिंहस्थ लागणार, लगीनसराई व्हायची नाही, हे मला ठाऊक होतं. तरी लगीनसराईत दे, असं मीच ह्याला म्हणालो. व्याज चढलं की सनई येईल, हे तेव्हाच धरलं होतं."

म्हाळूला त्याचा राग येण्याऐवजी रडूच आले. महाराज त्याला म्हणाले, "रडू नकोस, तूही काही कमी नाहीस. टोल्यांसाठी घड्याळ घेणारा मी पहिलाच पाहिला." आणि ते एवढे खळखळून हसले की दाराआडून तानूबाईही हसली.

मग पंच बसले. घड्याळ आणि समया शेटकडे परत गेल्या, व्याज सुटले, खरी किंमत तेवढी राहिली. ते फेडायचे कशातून, असा प्रश्न आला तेव्हा राजूबाई म्हणाली, "लगनं थांबली, बाळंतपणं थोडीच थांबत्यात? बारशाला वाजीव की!" महिन्याचा हप्ता ठरला, तिघांना येण्याच्या मानाने वाटून. कमाई तानूबाईच्या हाती द्यायची आणि सगळे फिटेपर्यंत म्हाळूने उधारीने सुपारीही घ्यायची नाही, अशी महाराजांनी त्याच्याकडून शपथ घेतली. सनई घरातच राहिली. शेवटच्या पंचाने होकाराची मान डोलावली आणि दिवा आपोआप शांत झाला. पणती कोरडी होती.

शेट महाराजांपुढे येऊन उभा राहिला. "महाराज, तुमचा अपमान केला मी. एवढं सांगा, अर्ध्या पळीत दिवसभर दिवा तुम्ही कसा जाळलात?"

महाराज म्हणाले, "मी कुठं जाळला? मी दगडावर बसलो होतो. तेल तुझंच होतं, रामलिंगा. तुझ्यापाशी एवढं पुरणारं आहे, हे तुलाच आजवर ठाऊक नव्हतं."

शेटने डोक्यावरचे पागोटे काढले, आणि ज्या गावाकडे तो रोज गादीवरून खाली पाहत असे, त्या साऱ्या गावासमोर त्या उलट्या घोंगडीवर त्याने महाराजांना लोटांगण घातले.