चेनची बाजू

रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. नांद्रेवाडी फाटा. उसाच्या वजनकाट्यासमोर पत्र्याचं शेड, दारात कडुलिंबाचं झाड, झाडाखाली तीन माणसं आणि एक सायकल.

“म्हणजे सायकलीत दोष नव्हता, असं तुम्ही लिहून देणार की नाही, चाचा?”

विचारणारे निनाद शिरगुप्पे. जिल्हा सायकल संघटनेचे प्रशिक्षक, वय छत्तीस. पाठीवर ‘प्रशिक्षक’ असं छापलेला टी-शर्ट रविवारीही अंगात.

ज्यांना विचारलं ते दस्तगीर नदाफ. वय बहात्तर. पन्नास वर्षं याच शेडमध्ये सायकली दुरुस्त करतात. 

ते उठले. शिरगुप्पेंनी गाडीच्या डिकीतून काढून जमिनीवर आडवी केलेली शर्यतीची सायकल त्यांनी उचलली आणि तिची कूस बदलली. खाली गेलेली चेनची बाजू वर आली. मग ते परत स्टुलावर येऊन बसले.

शिरगुप्पेंना वाटलं, म्हातारा नीटनेटका दिसतो.

“अकराला कमिटी बसणार आहे, चाचा. त्यांना तुमच्या हातचा कागद हवाय. माझा अहवाल तयार आहे. तुमची एक ओळ आली की विषय संपला.”

विषय अर्पिता मगदूमचा होता. ती तिथेच, शेडच्या पायरीवर हेल्मेट मांडीत घेऊन बसली होती. वय एकोणीस. तीन आठवड्यांपूर्वी राज्य संघाच्या निवड चाचणीत घाटाच्या शेवटच्या वळणावर ती पहिली होती. चढ उभा झाला म्हणून तिने सगळ्यात हलका गिअर टाकला. चेन शेवटच्या चक्रावरून पलीकडे उडाली, मागच्या चाकाच्या तारांत अडकली, चाक जाम झालं आणि ती पडली.

सायकल तिची नव्हती, संघटनेची होती. नियम साधा आहे. दोष सायकलीचा ठरला तर चाचणी परत घ्यायची. दोष रायडरचा ठरला तर तिचं नाव कापायचं. शिरगुप्पेंच्या अहवालात लिहिलं होतं, ‘रायडरने चढावर चुकीच्या वेळी गिअर टाकला.’ संघटनेच्या छापील फॉर्मवर रायडरची चूक लिहायला अर्धं पान मोकळं आहे. संघटनेची चूक लिहायला रकानाच नाही. तो फॉर्म कोणी छापला, हेही एकदा विचारायला हवं.

“ही महिनाभर आवाज येतो, आवाज येतो म्हणत होती,” शिरगुप्पे सांगू लागले. “मी चेन बदलली. मागची दातेरी चक्रं बदलली. गिअरची केबल नवी टाकली. पेडलचं बेअरिंगसुद्धा खोललं. स्टँडवर चढवून हाताने फिरवली, घड्याळासारखी चालली. आवाज नाही.”

“आवाज कोणाला आला?”

“हिला.”

“मग तुम्ही का सांगताय?”

...

अर्पिताने हेल्मेटचा पट्टा उगीच सोडला आणि परत लावला.

“बोल, पोरी.”

तिने आधी सरांकडे पाहिलं. “सर म्हणतात, आवाज माझ्या डोक्यात आहे.”

“असू दे. डोक्यात कसा येतो ते सांग.”

“सपाटीवर येत नाही. बसून चालवली तर येत नाही. चढावर उभं राहून जोर लावला, आणि गिअर सगळ्यात हलका असला, की येतो.”

“कसा?”

ती थांबली. मग थोडी लाजत म्हणाली, “लहानपणी आम्ही चाकाच्या तारांत पुठ्ठा अडकवायचो. फटफटीसारखा आवाज यावा म्हणून. तसा. पण बारीक.”

“पुठ्ठा,” नदाफ म्हणाले.

“हे मला तू कधी बोलली नाहीस,” शिरगुप्पे म्हणाले.

“तुम्ही विचारलं, आवाज येतो का. कसा येतो ते विचारलं नाही, सर.”

नदाफांनी खिशातून चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या. “आणि गिअर? पडायचे नीट?”

“वरचे जुळवले की खालचे अडखळायचे. खालचे जुळवले की मधले दोन-दोन उड्या मारायचे.”

“नवी केबल आहे,” शिरगुप्पे मध्येच म्हणाले. “सुरुवातीला ताणते थोडी.”

“महिनाभर ताणत होती?”

“चाचा, मी बंगळूरला दोन कोर्स केलेत.”

“म्हणूनच विचारतोय. मी एकही केला नाही.”

हे ते चेष्टेने म्हणाले की खरंच, ते शिरगुप्पेंना कळलं नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“कधीपासून येतोय, पोरी?”

“मार्चचं शिबिर संपलं. सायकली टेम्पोतून परत आल्या. तेव्हापासून.”

नदाफांनी मान हलवली. सायकल झाडाला टेकवली आणि मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. तिथे चेनला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारा भाग असतो, त्याला डिरेलर म्हणतात. तो बोटभर लांबीच्या एका ॲल्युमिनिअमच्या कानावर लटकलेला असतो. कान मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकावा आणि सायकल वाचावी. नदाफांनी डिरेलर सोडवला. शेडमधून एक जुनं चाक आणलं आणि त्याचा आस त्या कानाच्या भोकात आटे धरून फिरवत बसवला.

आता सायकलीला मागे शेजारी शेजारी दोन चाकं होती. सायकलीचं चाक सरळ उभं. जुनं चाक त्याला टेकायला आल्यासारखं कललेलं.

“सर, दोन्हींच्या मध्ये हात घाला. वर.”

शिरगुप्पेंनी घातला. मूठ गेली.

“आता खाली.”

बोट जेमतेम गेलं.

शिरगुप्पे काही क्षण तसेच वाकून राहिले. चेन, चक्रं, केबल, बेअरिंग... सगळं बदललं होतं. ज्याच्यावर सगळं लटकलेलं होतं त्या कानाला हातसुद्धा लावला नव्हता. कान आत वाकलेला, डिरेलर आत कललेला. हलक्या गिअरला तो तारांच्या अगदी जवळ जात होता, आणि मुलीने उभं राहून जोर दिला की चाक किंचित लवून त्याला घासत होतं. पुठ्ठ्यासारखं.

ते सरळ झाले. एवढ्यात त्यांना सुचलंही होतं.

“पडल्यावर वाकला हा. उघड आहे. पडली, सायकल आपटली, कान वाकला. म्हणजे आधी ठीक होता. तसं लिहा.”

“पडल्यावर,” नदाफ म्हणाले.

“मग? कान आपोआप वाकतो का?”

“नाही.”

“झालं तर.”

अर्पिता उठून उभी राहिली. “सर, आवाज तर आधीपासून...”

“तू थांब जरा.”

“तू थांबू नकोस, इकडे ये,” नदाफ म्हणाले.

ती आली. त्यांनी तिच्या डाव्या कोपराकडे पाहिलं. खपली अजून काळी होती. डावा गुडघाही सोललेला. मग ते सायकलीकडे वळले. हँडलच्या डाव्या बाजूची पट्टी फाटून लोंबत होती. डावं पेडल दगडाला घासून पांढरं पडलेलं. त्यांनी हँडलच्या उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूवरून तळहात फिरवला, उजव्या पेडलवरून अंगठा फिरवला. उजवीकडची पट्टी नव्यासारखी, पेडलवर ओरखडा नाही.



जुन्या चाकाची कड दोन्ही हातांनी धरून त्यांनी कान हळूहळू बाहेर ओढला. थोडा. परत बघितलं. आणखी थोडा. पंधरा-वीस मिनिटं गेली. वर मूठ आणि खाली मूठ झाली तेव्हा त्यांनी जुनं चाक काढलं, डिरेलर जोडला, केबल बसवली.

“वजनकाट्याच्या चढावर ने. उभी राहून चालव.”

अर्पिता गेली. चढावर ती सीटवरून उठली आणि सगळ्यात हलका गिअर टाकला. खाली दोघं ऐकत राहिले. समोरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. ती गेल्यावर ऐकण्यासारखं काही उरलं नाही.

ती परत आली. हसत नव्हती, पण खाली उतरायलाही तयार नव्हती.

“डोक्यातला गेला?” नदाफांनी विचारलं.

“गेला, चाचा.”

“डोक्याच्या डॉक्टरला सांग, दस्तगीरने पान्याने काढला.”

आता ती हसली.

“बघू,” म्हणत शिरगुप्पेंनी सायकल तिच्या हातातून घेतली. मागचं चाक उचलून फिरवलं, गिअर वर-खाली केले. काम चोख होतं. त्यांनी मान डोलावली. कागद-पेन गाडीत होतं, ते आणायला निघताना सायकल खाली ठेवली.

अर्पिताने तोंड उघडलं. नदाफांनी तिला हातानेच थांबवलं.

शिरगुप्पे कागद घेऊन आले. दोघंही जमिनीकडे पाहत होते. त्यांनीही पाहिलं.

सायकल आडवी होती. चेनची बाजू खाली. नुकताच सरळ केलेला कान मातीत टेकलेला.

...

प्रत्येक शिबिराच्या पहिल्या दिवशी ते स्वतः मुलांकडून म्हणवून घेत, ‘सायकल आडवी ठेवायची तर चेनची बाजू आभाळाकडे.’ तीनदा म्हणवून घेत. मार्चच्या शिबिरातही घेतलं होतं. आणि शेवटच्या दिवशी, भर दुपारी, सोळा सायकली टेम्पोत जात होत्या. मुलं एकेक सायकल चादरीत गुंडाळायला निघाली होती. मागे उभं राहून कोणीतरी ओरडलं होतं, ‘लाड बास झाले, टाका एकावर एक, उशीर होतोय.’

तो आवाज शिरगुप्पेंना आता अगदी स्पष्ट ऐकू आला. तो आवाज ओळखीचा होता.

त्यांनी वाकून सायकल उचलली. कूस बदलून ठेवली. माती झटकायला हात पुढे केला, मग मागे घेतला.

“कागद द्या,” नदाफ म्हणाले.

ते गुडघ्यावर फळी ठेवून बराच वेळ लिहीत होते. मजकूर मात्र फार नव्हता. सही केली, तारीख घातली, कागद दिला.

शिरगुप्पेंनी वाचला. परत वाचला.

“दोष कोणाचा, ते तुम्ही लिहिलं नाहीत.”

नदाफ दूधवाल्याच्या सायकलीचं पंक्चर काढायला बसले होते. ट्यूब पाण्यात बुडवून ते बुडबुडा कुठून येतो ते बघत होते.

“चाचा... कमिटी मला विचारेल.”

बुडबुडा आला. नदाफांनी त्यावर बोट ठेवलं आणि शिरगुप्पेंकडे पाहिलं.

कागद अकरा वाजता कमिटीपुढे गेला. तो शिरगुप्पेंनी स्वतः दिला, फाडला नाही, हे नोंदवणं भाग आहे. आपला अहवाल मात्र त्यांनी मागेही घेतला नाही. अध्यक्षांनी कागदाच्या समासात ‘खुलासा मागवावा’ असे दोन शब्द लिहिले. कोणाकडून मागवावा, ते लिहिलं नाही. राज्य संघ अर्पिताशिवाय स्पर्धेला गेला आणि परत आला. तिची चाचणी परत झालेली नाही. सोळा सायकली टेम्पोत कशा भरल्या आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचं उत्तर चार महिन्यांनंतरही फायलीत नाही.

कागद आहे. त्यावर नदाफांच्या हातची एकच ओळ आहे:

“पोरगी डाव्या अंगावर पडली. सायकल उजव्या अंगावर निजवली होती.”