बोरीवरची पोवळी

एका राज्यात हेमावळी नावाची राणी होती. तिला पोवळी नावाची एकुलती एक लेक. डोंगरापलीकडच्या मांत्रिकाने पोवळीला मागणी घातली आणि राणीने ती धुडकावली. मांत्रिकाने मूठभर भस्म फुंकले. पोवळी खसखशीएवढे अंडे होऊन अंगणातल्या बोरीच्या पानाला चिकटली.

राणी अन्नपाणी सोडून बोरीखाली बसली. तेव्हा फांदीवरची साळुंकी बोलली, "राणीसाहेब, आधी अळी, मग कोश, मग पंख. पंख फुटल्यावर ती फुलातला मध प्याली की शाप सुटेल. तोवर तीन गोष्टी पाळा. तिचं खाणं तोडू नका. मुंग्यांना अडवू नका. कोशाला हात लावू नका."

अळी दिसली की आपला काही नेम नाही, असे सांगून साळुंकी आपण होऊनच दूर रानात गेली. पाखरू, पण सचोटीचे.

चौथ्या दिवशी हिरवी अळी निघाली आणि पानाची पाठ खरवडून खाऊ लागली. पानोपानी पांढरे पट्टे उमटले. माळी कडुनिंबाचे पाणी घेऊन धावला. राणीने त्याला परतवले.

मग मुंग्या आल्या. लेकीच्या पाठीवर चढून तिला मिशांनी चाचपू लागल्या. आईचे काळीज ते, राहवेना. राणीने मुंग्या झटकल्या आणि बुंध्याभोवती हळदीची रेघ ओढली.

दुपारी गांधीलमाशी अळीवर झेपावली. राणीने हात आडवा धरला, डंखांवर डंख सोसले, तरी माशी हटेना. तेव्हा तिला आपली चूक उमगली. दुसऱ्या हाताने तिने पदराने हळद पुसली. मुंग्या रांगेने वर चढल्या, त्यांनी माशीला पिटाळले. अळीच्या पाठीवर गोड थेंब आला, तो त्या प्याल्या. राखणीचे मोल ते.

पुढे कोश झाला. तो थरथरे तेव्हा राणी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. नवव्या सकाळी काळ्या ठिपक्यांचे इवले पांढरे फुलपाखरू निघाले, पंख वाळवून कुंपणापार उडाले.

दिवस कलताना वेशीकडून पोवळी चालत आली, ओठांवर पराग. त्याच घटकेला मांत्रिकाच्या भस्माची माती झाली.

"पोरी, तुझे राखणदार मीच हाकलले," राणी म्हणाली.

"आई, मला धड दिसत नव्हतं. पण तुझ्या हाताची सावली माझ्यावरून हलली नाही, एवढं कळत होतं."

राणी लेकीला उराशी धरून रडली. त्या वर्षी बोरीला बोरे थोडीच आली, पण ती अवघ्या राज्याला पुरली.