मऊ टोकाचा ठराव

समुद्राच्या पार तळाशी, जिथे सूर्याचं सगळे फक्त नाव ऐकून होते, तिथे एक बुडालेला ओंडका होता. त्यावर इवल्या टोपीसारखं कवच घातलेल्या गोगलगायी राहत. ओंडका हेच घर आणि तेच कोठार. जिथे बसायचं तेच कुरतडायचं. फक्त कुजून मऊ झालेल्या एका टोकाला कुणी तोंड लावत नसे. ते पिलांचं. कडक लाकूड त्यांना झेपत नाही.

टिकलीच्या कवचाखाली यंदा पहिलीच अंडी होती. "या रे लवकर," ती त्यांना हळूच म्हणे, "तुमचा गुरगुट्या भात तयार आहे."

राजा होता नांगीराव खेकडा. खाऊन खाऊन त्याचा वाटा संपला, तशी त्याने सभा बोलावली.

"माझ्या लाडक्या प्रजाजनांनो! मऊ टोक मी राजवाड्याला जोडून घेतोय. कुणासाठी? पुढच्या पिढीसाठी!"

कोळंबी दिवाणजींनी रीत सांगितली, "ठराव मान्य असेल त्यांनी जागेवर घट्ट बसावं. अमान्य असेल त्यांनी कवच उचलावं."

महाराजांनी नांगी वाजवली. घाबरलं की गोगलगाय जागेला चिकटते; जातच तशी. अख्खा ओंडका चिकटला.

"वा! काय हा पाठिंबा!" दिवाणजी गहिवरले.

टिकलीही चिकटली होती. मग पोटाखाली अंडी जाणवली, आणि तिने कवच उचललं.

"अगं ए, बस खाली! नांगी दिसत नाही का?" शेजारची झाकणीआत्या कुजबुजली.

"दिसतेय, आत्या. पण ही खातील काय?"

"मेलं, माझं तरी आता काय राहिलंय," म्हणत आत्यानेही कवच उचललं. मग पलीकडचीने. बघता बघता ओंडकाभर टोप्या वर. एवढ्यांना चिमटायला महाराजांकडे नांग्या दोनच.

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी वाकून टिकलीच्या कवचाखाली पाहिलं.

"बाई, ही अंडी आपलीच ना? हलली का?"

"अंडी कशी हलतील, दिवाणजी?"

"म्हणजे घट्ट बसून आहेत. धरा बाजूने!"

प्रत्येक आईखाली वाकून अंडी मोजली गेली. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. महाराजांनी पाण्याखाली असूनही डोळे पुसले आणि मऊ टोकाचा पहिला घास घेतला.

पुढची पिढी अशी भक्कम पाठीशी असल्यावर आत्ताच्या पिढीला कशाला त्रास द्यायचा, म्हणून तेव्हापासून तिथे मतदान फक्त अंडीच करतात.